आधी घटस्फोटाचा अंतिम आदेश, मग नोटीस, मग मांडव

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करते, माझे कायमचे घर सांगलीला आहे. तीन वर्षांच्या ओळखीनंतर माझे लग्न एका ब्रिटिश नागरिकाशी ठरले आहे. ते ख्रिस्ती असून घटस्फोटित आहेत. इंग्लंडच्या न्यायालयाकडून त्यांना मिळालेल्या कागदावर ‘कंडिशनल ऑर्डर’ असे शीर्षक आहे. लग्न वैदिक पद्धतीनेच व्हावे असा घरच्यांचा आग्रह आहे आणि त्यांनी डिसेंबरमधल्या मुहूर्तासाठी कार्यालयही घेऊन ठेवले आहे. एका एजंटचे म्हणणे असे की, लग्न लावणाऱ्या एका संस्थेचे प्रमाणपत्र एका दिवसात मिळवून देतो, त्यावर स्पाउस व्हिसा होऊन जाईल. नाहीतर आधी पर्यटक म्हणून जा आणि तिकडेच व्हिसा बदलून घ्या. माझ्या नियोजित पतींनी चार महिन्यांपूर्वी नोकरी बदलली. आता पगार वर्षाला ३२,००० पौंड आहे, आधी २७,००० होता. असे लग्न केल्यास शेतजमिनीतला माझा हिस्सा जाईल का, ही वडिलांची वेगळीच काळजी आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपण ओघात लिहून गेला आहात, आणि ती म्हणजे ‘कंडिशनल ऑर्डर’. इंग्लंड आणि वेल्समध्ये ६ एप्रिल २०२२ पासून घटस्फोटाची नवी पद्धत लागू झाली आणि पूर्वीच्या ‘डिक्री नायसाय’ व ‘डिक्री ॲब्सोल्यूट’ यांच्या जागी अनुक्रमे ‘कंडिशनल ऑर्डर’ व ‘फायनल ऑर्डर’ असे दोन टप्पे आले. पहिल्या टप्प्याचा अर्थ इतकाच की, घटस्फोट द्यायला हरकत नाही असे न्यायालयाचे मत झाले आहे. त्यानंतर किमान सहा आठवडे आणि एक दिवस थांबून फायनल ऑर्डरसाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. ती आपोआप घरी येत नाही. अनेक जण मालमत्तेचा आणि पैशांचा हिशेब मिटेपर्यंत हा अर्ज जाणूनबुजून लांबवतात, त्यामुळे तो राहून गेला म्हणून आपल्या नियोजित पतींच्या हेतूवर संशय घेण्याचे कारण नाही. मात्र तो आदेश हातात पडेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने ते विवाहित आहेत. भिन्न धर्मीयांना नोंदणी विवाहाची सोय देणाऱ्या विशेष विवाह कायदा, १९५४ च्या कलम ४ प्रमाणे विवाहाच्या वेळी दोघांपैकी कोणाचाही जोडीदार हयात नसावा, म्हणजेच आधीचा विवाह कायद्याने संपलेला असावा. ही अट मोडून झालेला विवाह मुळातच शून्य ठरतो, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ नुसार जोडीदार हयात असताना दुसरा विवाह करणे हा गुन्हाही आहे. कंडिशनल ऑर्डर मिळून बारा महिने उलटले असतील, तर अर्ज करताना उशिराचे कारण न्यायालयाला द्यावे लागते, म्हणून हे काम त्यांनी आता रेंगाळत ठेवू नये.

डिसेंबरच्या मुहूर्ताबाबत माझा सल्ला स्पष्ट आहे : फायनल ऑर्डर येण्यापूर्वी सप्तपदी होऊ देऊ नका. घरच्यांना हे पटवणे कठीण जाईल याची मला कल्पना आहे, परंतु हार घातलेल्या, होमापुढे बसलेल्या वधूवरांची छायाचित्रे घटस्फोटाच्या आदेशाच्या आधीच्या तारखेची निघाली, तर उद्या व्हिसा अधिकाऱ्यापुढे त्यांचे स्पष्टीकरण आपल्यालाच द्यावे लागेल. कार्यालय घेतलेलेच आहे, तर त्या दिवशी साखरपुडा करावा. तो विवाह नव्हे, त्याने कोणतेही कलम मोडत नाही, आणि दोन्ही कुटुंबे एकत्र आल्याचा तो पुढे पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

आता एजंटच्या पहिल्या सूचनेविषयी. हिंदू विवाह कायदा, १९५५ नुसार विवाह होण्यासाठी वर आणि वधू दोघेही हिंदू असावे लागतात. हिंदू आणि ख्रिस्ती व्यक्तींमध्ये या कायद्याखाली लावलेला विवाह वैध ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये गुल्लिपिल्ली सोवरिया राज विरुद्ध बंडारू पवनी या प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. त्यामुळे संस्थेच्या प्रमाणपत्रावर कितीही शिक्के असले, आणि त्याच्या आधारे महापालिकेत नोंदणी करून घेतली, तरी मुळात नसलेला विवाह नोंदणीने निर्माण होत नाही. आपले नियोजित पती श्रद्धेने हिंदू धर्म स्वीकारणार असतील तर गोष्ट वेगळी, पण केवळ प्रमाणपत्रासाठी कागदोपत्री धर्मांतर करणे हा मार्ग मी कोणालाही सुचवत नाही.

आपल्यासाठी योग्य मार्ग विशेष विवाह कायद्याचाच आहे. त्यासाठी आधी विवाह अधिकाऱ्याला नियोजित विवाहाची लेखी नोटीस द्यावी लागते. दोघांपैकी एकाने नोटिशीच्या लगेच आधीचे ३० दिवस त्या जिल्ह्यात वास्तव्य केलेले असले की पुरते; आपण पुण्यात राहता, त्यामुळे ही अट आपल्याकडून पूर्ण होते आणि त्यांना महिनाभर आधी येऊन राहण्याची गरज नाही. आपले कायमचे वास्तव्य सांगलीचे असल्याने नोटिशीची एक प्रत तेथील विवाह अधिकाऱ्याकडे जाईल आणि तिथेही फलकावर लागेल, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवावे. नोटीस प्रसिद्ध झाल्यापासून ३० दिवस आक्षेपांसाठी असतात, आणि आक्षेप फक्त कलम ४ मधील अटींबाबतच घेता येतो. कोणा नातेवाइकाची नापसंती हा आक्षेप नव्हे. नोटीस दिल्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत विवाह झाला नाही, तर ती रद्द होऊन सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

इथे एक खाचखळगा आहे. अनेक परदेशी वर घाईत ३० दिवसांचा ई-पर्यटक व्हिसा घेऊन येतात, आल्यानंतर चार दिवसांनी नोटीस देतात, आणि मग लक्षात येते की आक्षेपांची मुदत संपण्याआधी व्हिसाची मुदत संपते आहे. आपल्या नियोजित पतींनी जास्त मुदतीचा व्हिसा घ्यावा किंवा नोटिशीसाठी एकदा आणि विवाहासाठी एकदा असे दोनदा यावे. ते आपल्या घरी उतरणार असतील तर परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती २४ तासांच्या आत ऑनलाइन कळवण्याची जबाबदारी घरमालकावर असते. हॉटेलवाले ते नेमाने करतात, घरगुती यजमान मात्र हमखास विसरतात.

नोटिशीच्या नमुन्यात अविवाहित, विधुर की घटस्फोटित असा रकाना असतो. तिथे ‘घटस्फोटित’ लिहिण्याचा अधिकार फायनल ऑर्डरनंतरच मिळतो, म्हणून नोटीसही त्यानंतरच द्यावी. त्या आदेशावर ब्रिटनमधून अपोस्टिल, म्हणजे कागद अस्सल असल्याचे सरकारी प्रमाणन, करून आणावे आणि आदेशातील नावाचे स्पेलिंग पासपोर्टशी अक्षरशः जुळते का ते पाहावे. मधले नाव एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही, एवढ्यावरून फाइल आठवडाभर पडून राहिलेली मी पाहिली आहे. विवाहाला बाधा नसल्याचा कोणता दाखला चालेल, याबाबत कार्यालयागणिक अपेक्षा वेगळ्या असतात, तेव्हा आपल्या विवाह अधिकाऱ्यांना ते आधीच विचारून घ्यावे. विवाहाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. तो झाला की त्याच दिवशी संध्याकाळी वैदिक विधी करायला कायद्याची काहीच आडकाठी नाही; फक्त सर्व अर्जांत विवाहाची तारीख म्हणून विवाह अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरचीच तारीख लिहावी.

‘आधी विधी करून घेऊ, नोंदणी मागाहून’ असे कोणी सुचवेल. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली तशी सोय आहे खरी, पण तिथे दोघांनीही जिल्ह्यात ३० दिवस राहिलेले असणे आवश्यक असते आणि नोटिशीचा काळ तिथेही चुकत नाही. परदेशी जोडीदार असताना हा उलटा फेरा आहे.

एजंटची दुसरी सूचना पहिलीपेक्षाही घातक आहे. ब्रिटनमध्ये पर्यटक व्हिसावर असताना जोडीदाराच्या व्हिसात बदल करून घेता येत नाही, आणि साध्या पर्यटक व्हिसावर तिथे विवाहही करता येत नाही. अर्जात हेतू लपवल्याचे सिद्ध झाले तर दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. तिथेच लग्न करायचे असेल तर सहा महिन्यांचा फियान्से व्हिसा, म्हणजे वाग्दत्त जोडीदाराचा व्हिसा, हा सरळ मार्ग आहे, पण त्यात नोकरी करता येत नाही आणि लग्नानंतर पुन्हा नवा अर्ज, नवे शुल्क. आपल्या परिस्थितीत त्याचा फायदा मला दिसत नाही.

स्पाउस व्हिसाच्या अर्जात बहुतेकांची गाडी पैशांच्या अटीवर अडते. ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदाराचे वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड असावे लागते. आपण भारतातून अर्ज करता तेव्हा पुण्यातला आपला पगार, तो कितीही असो, यात धरला जात नाही. मोजला जातो तो त्यांचाच. एकाच नोकरीत सहा महिने झाले असतील तर त्या सहा महिन्यांतील सर्वांत कमी पगाराच्या आधारे वार्षिक उत्पन्न काढतात. सहा महिने झाले नसतील तर सध्याच्या पगाराबरोबरच गेल्या बारा महिन्यांत प्रत्यक्ष मिळालेली रक्कमही २९,००० च्या वर असावी लागते. आज हिशेब केला तर आठ महिने जुन्या पगाराचे सुमारे १८,००० आणि चार महिने नव्या पगाराचे सुमारे १०,६६७, म्हणजे एकूण २८,६६७ पौंड होतात. अट थोडक्यात हुकते. आणखी दोन महिन्यांनी नव्या नोकरीचे सहा महिने भरतील आणि हा प्रश्नच उरणार नाही. फायनल ऑर्डर आणि नोटीस यांत तेवढा काळ तसाही जाणार आहे, त्यामुळे हा विलंब आपल्या पथ्यावरच पडतो. सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि बँकेत जमा झालेल्या रकमा एकेक करून जुळवून पाहाव्यात. उत्पन्नाऐवजी केवळ बचत दाखवायची झाल्यास ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावे लागतात.

इंग्रजीची अट प्राथमिक, म्हणजे ए१ पातळीची आहे. आपली पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर एक्टिस या संस्थेचा दाखला घेऊन परीक्षा टाळता येते. क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी आणि फार आधी करू नये, कारण तो दाखला सहा महिनेच चालतो. आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड असून ३३ महिन्यांच्या पहिल्या व्हिसासाठी तीन वर्षांचा, म्हणजे ३,१०५ पौंड, एकरकमी भरावा लागतो. व्हिसाचे शुल्क वेगळे, आणि ते अर्जाच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावरच पाहावे. या व्हिसावर आपल्याला तिथे नोकरी करता येईल. नात्याच्या पुराव्यासाठी फोटोंचा ढीग लावण्यापेक्षा तीन वर्षांतल्या भेटींची तारीखवार टिपणी, प्रवासाची तिकिटे आणि पासपोर्टवरचे शिक्के अधिक बोलतात. पासपोर्टवरील नाव व्हिसा हाती येईपर्यंत बदलू नये.

वडिलांच्या काळजीबद्दल : विशेष विवाह कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हिंदू एकत्र कुटुंबातील व्यक्ती असा विवाह करते तेव्हा ती कुटुंबातून विभक्त झाली असे मानले जाते. विभक्त होणे म्हणजे हिस्सा गमावणे नव्हे. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलगी म्हणून मिळालेला आपला सहदायकीचा, म्हणजे वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेतला जन्मसिद्ध, हिस्सा आपलाच राहतो. मात्र यापुढे आपल्या स्वतःच्या मालमत्तेचा वारसा भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ प्रमाणे ठरेल, आणि म्हणून विवाहानंतर दोघांनीही मृत्युपत्र करावे असे मी सुचवीन. लग्नाने आपले भारतीय नागरिकत्वही जात नाही. पुढे आपण स्वेच्छेने ब्रिटिश नागरिकत्व घेतले तरच ते संपेल. तूर्त नियोजित पतींना एकच निरोप द्यावा की, फायनल ऑर्डरचा अर्ज केला आहे की नाही हे त्यांनी त्यांच्या वकिलाला विचारावे, आणि तो आदेश आल्यावर त्याची प्रत हाती घेऊनच आपण विवाह अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जावे.