पाऊस नसताना वाहणारं गटार

पाणी, गटारं आणि नद्यांविषयीच्या वाचकांच्या प्रश्नांना एक निवृत्त जलनिःसारण अभियंता या सदरात उत्तरं देतात.

प्रश्न : ताई, आमच्या वसाहतीमागून नदी जाते. वरच्या अंगाला एकही कारखाना नाही. तरी दर वर्षी पहिला मोठा पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी काठाला मेलेले मासे लागतात. पावसानं नदी उलट स्वच्छ व्हायला हवी ना? कुणी मुद्दाम काही सोडतं का?

उत्तर : मुद्दाम सोडणारे नसतातच असं नाही. पावसाच्या आडोशानं टाकी रिकामी करणारे मी पाहिलेत. पण दर वर्षी, पहिल्याच पावसात आणि पुढे पावसाळाभर काही नाही, असं असेल तर माझा पहिला संशय रस्त्यांवर आणि गटारांवर जातो.

कोरड्या महिन्यांत रस्त्यावर काय काय साठतं ते आठवा. गाड्यांखाली ठिबकलेलं तेल, ब्रेकची धूळ, टायरची झीज, कुत्र्यांची विष्ठा, कुजका पाला. पावसाळी गटाराच्या तळाशी काळा, चिकट गाळ बसलेला असतो तो वेगळाच. पहिली जोरदार सर हे सगळं एका दमात लोटून नेते. नोकरीत असताना आम्ही गटाराच्या तोंडाशी दर पाच मिनिटांनी एक बाटली भरायचो. पहिल्या दोन-तीन बाटल्या शाईसारख्या, आठव्या-नवव्या बाटलीतून पलीकडची अक्षरं वाचता यायची. पण त्या पहिल्या बाटल्या हाती लागणं महाकठीण. आमचे साहेब छत्री शोधून निघेपर्यंत नदीनं जे गिळायचं ते गिळलेलं असायचं.

हा गाळ पाण्यात गेला की जिवाणू तो कुजवू लागतात आणि त्या कामी पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन संपवतात. उबदार हवामानात स्वच्छ पाण्यात तो लिटरला सात-आठ मिलिग्रॅम असतो. दोनच्या खाली गेला की बहुतेक मासे तग धरत नाहीत. मरण्याआधी मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करताना दिसले होते का? दिसले असतील तर प्राणवायूच कमी पडला असण्याची शक्यता जास्त. पुढच्या वेळी पहाटे जाऊन बघा.

कधी कधी मात्र खरोखर विषच असतं, आणि ते कुणी मुद्दाम सोडलेलं नसतं. अमेरिकेत सिएटलच्या परिसरात अंडी घालायला शहरातल्या ओढ्यांत परतणारे कोहो सॅमन मासे पाऊस झाला की काही तासांत मरायचे, अंडी पोटातच. त्याच ओढ्यातल्या चम सॅमनला काही होत नसे. कारण सापडायला २०२० उजाडलं. ओझोननं रबराला चिरा पडू नयेत म्हणून टायरमध्ये सहा-पीपीडी नावाचं रसायन घालतात. त्याचा ओझोनशी संयोग होऊन जे नवं द्रव्य तयार होतं, ते कोहोला मारत होतं. आणि मला यातली सगळ्यात आवडती गोष्ट पुढेच आहे : विषाचं नावगाव कळण्याआधीच, २०१५ मध्ये, संशोधकांनी तेच रस्त्यावरचं पाणी वाळू, कंपोस्ट आणि झाडाच्या सालीच्या मिश्रणातून गाळून कोहोंना दिलं होतं. मासे जगले.

म्हणून मी रस्त्याकडेच्या वाफ्यांच्या मागे लागते. आपण वाफा बांधतो तो उंच. कठडा घालतो, वर मातीचा ढीग, त्यावर फुलझाडं. पावसाचं पाणी त्याला वळसा घालून सरळ गटाराच्या जाळीत. हवं ते उलटं. वाफा रस्त्यापेक्षा वीतभर खोल, कठड्याला हातभर रुंद खाच, आणि जाळीचं तोंड वाफ्याच्या तळापेक्षा थोडं वर, म्हणजे आधी माती पिणार आणि जास्तीचंच गटारात जाणार. जिथे रस्ता नव्यानं करायचाच आहे तिथे याला वेगळी जागाही लागत नाही.

प्रश्न : घरामागच्या नाल्याला तळापासून भिंतींपर्यंत काँक्रीट करायचं ठरलंय. वास जाईल, डास जातील म्हणून गल्ली खूश आहे. मी एकटा नको म्हणतोय. चुकतोय का?

उत्तर : नाही. पण शेजाऱ्यांना वेड्यात काढू नका, वासाचा त्रास खराच आहे. फक्त तो वास नाल्याचा नाही, नाल्यात येणाऱ्या मैलापाण्याचा आहे, आणि काँक्रीट मैलापाणी अडवत नाही.

काँक्रीट पाणी पळवतं. दगडगोट्यांच्या, झुडपांच्या पात्रापेक्षा गुळगुळीत काँक्रीटमध्ये, उतार आणि आकार तोच ठेवला तरी, पाणी दुपटीहून जास्त वेगानं धावतं. तुमच्या गल्लीतला पूर ओसरेल, मान्य. तो खालच्या वस्तीत लवकर आणि एकदम पोचेल. वर पुन्हा शहर वाढतंच आहे. शंभर चौरस मीटरच्या छतावर दहा मिलिमीटर पाऊस पडला की एक हजार लिटर पाणी होतं. तिथे पूर्वी माती होती तेव्हा त्यातलं बरंच जिरायचं. आता सगळं पन्हाळीतून नाल्याकडे, तेही एकाच वेळी.

सिंगापूरनं काँक्रीट काढलं. तिथल्या बिशान-आंग मो कियो उद्यानाच्या कडेनं कलांग नदीचा २.७ किलोमीटरचा सरळसोट काँक्रीट कालवा जात होता. २०१२ पर्यंत तो मोडून तिथे ३.२ किलोमीटरची वळणावळणाची, हिरव्या काठांची नदी केली. एरवी तिच्या काठी माणसं बसतात. मोठा पाऊस आला की उद्यानाचा सखल भागच पात्र होतो आणि इशारा मिळताच लोक वर येतात.

दक्षिण कोरियातल्या सोलच्या चंगेचन ओढ्याचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच. वरचा उड्डाणमार्ग पाडून २००५ मध्ये मोकळा केलेला तो ओढा छानच आहे, पण त्यात बरंचसं पाणी पंपानं आणून सोडावं लागतं, हेही सांगा. सभेत एकच मागणी लावून धरा : आधी कोरड्या दिवसातही नाल्यात पाणी सोडणारं प्रत्येक तोंड शोधून ते मैलावाहिनीला जोडा, भिंतींचं मग बघू. वास त्यानं जाईल, आणि तुमचे शेजारीही तुमच्या बाजूला येतील.

प्रश्न : मैलापाणी आणि पावसाचं पाणी वेगवेगळ्या नळांतून नेण्याचा खटाटोप कशाला? एकच मोठा नळ टाकला तर?

उत्तर : लंडननं तेच केलं होतं. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सच्या दुर्गंधीनं संसदेचं कामकाज अवघड झालं, आणि मग अभियंता जोसेफ बॅझलजेट यांनी नदीकाठानं जबरदस्त वाहिन्या बांधल्या. काम असं पक्कं की त्या अजून चालू आहेत. पण नळ दोन्ही पाण्यांचा, त्यामुळे जोराचा पाऊस झाला की तो भरतो आणि मैल्यासकट नदीत सांडतो. ते सांडणं थांबवायला त्यांना नदीखालून २५ किलोमीटरचा बोगदा खणावा लागला. तो २०२५ मध्ये पूर्ण जोडला गेला. नवं शहर वसवताना वेगळे नळ टाकणं यापेक्षा कितीतरी सोपं. मात्र ते वेगळेच राहताहेत ना, यावर डोळा ठेवावा लागतो.

प्रश्न : मी तिसऱ्या मजल्यावर राहते. ना अंगण, ना गच्ची. मी काय करणार?

उत्तर : चार-पाच दिवस पाऊस नसेल तेव्हा तुमच्या भागातल्या पावसाळी गटाराचं तोंड नाल्यात जिथे उघडतं तिथे जा. ते कोरडं असायला हवं. पाणी वाहत असेल तर कुठेतरी चुकीची जोडणी आहे, किंवा एखादी जलवाहिनी गळते आहे. वास आणि फेस बघितला की कोणतं ते कळतं.

मी निवृत्त झाल्यावर आमच्या घराजवळचं तोंड असंच बघायला जायचे. दर रविवारी सकाळी नऊच्या सुमारास पांढरा, सुवासिक फेस. मला वाटलं, मागच्या गल्लीतली लाँड्री. दोन तक्रारी केल्या, खरमरीत भाषेत. मग जुनी सवय म्हणून एकेक चेंबर उघडत मागे मागे आले, आणि आमच्याच इमारतीच्या फाटकापाशी थांबले. घरी येऊन बाल्कनीतल्या मोरीत चिमूटभर हिरवा रंग टाकला, बादलीभर पाणी ओतलं आणि जिना उतरून गेले. तोंडाशी हिरवं पाणी. आमच्या बाल्कनीतलं वॉशिंग मशीन. मोरीचा पाइप बांधणाऱ्यानं पावसाच्या पन्हाळीला जोडलेला, आणि आयुष्यभर लोकांच्या जोडण्या तपासणाऱ्या बाईनं तो दहा वर्षांत एकदाही पाहिला नव्हता.

मशीनचा पाइप न्हाणीघराच्या वाहिनीत वळवायला प्लंबरला अर्धा दिवस लागला. त्याच उभ्या पाइपवर आमच्या वर आणखी चार घरांची मशिनं आहेत. दोघांनी बदलून घेतलं. उरलेले दोघं मी दिसले की लिफ्टची वाट न बघता जिन्यानं जातात.