विमानाच्या वेळेचे त्रैराशिक

प्रश्न : माझी मुलगी नोकरीनिमित्त मुंबईला असते. गोव्यातील दाबोळी विमानतळ ते मुंबई हे अंतर नकाशावर पट्टी लावून मोजले, तर ते सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास भरते. विमान ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाते असे ऐकतो. म्हणजे अर्ध्या तासात पोहोचायला हवे. पण तिकिटावर सव्वा तास असतो आणि वैमानिक पन्नास मिनिटे सांगतो. यातले खरे कोणते? गोव्यातल्याच दुसऱ्या, मोपा विमानतळावरून गेल्यास वेळ वाचेल काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : आपली पट्टी चुकलेली नाही. दाबोळी आणि मुंबई विमानतळांच्या अक्षांशांत सुमारे ३.७ अंशांचा फरक आहे; अंशाला १११ किलोमीटर धरल्यास ४११ किलोमीटर होतात. रेखांशांतील अंतर उत्तरेकडे आकसत जाते, म्हणून आपल्या पट्ट्यात अंशाला १०६ किलोमीटर धरावेत, ०.९६ अंशाचे १०२ होतात. आता शाळेतला पायथागोरस लावला की उत्तर सुमारे ४२३ किलोमीटर येते. (लंडनसारख्या दूरच्या शहरासाठी ही युक्ती चालत नाही, तेथे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून पाहावा.)

घोटाळा त्रैराशिकात आहे. ताशी आठशे किलोमीटर हा वेग विमान उंचावर पोहोचल्यानंतरचा असतो, आणि एवढ्या लहान प्रवासात वर चढण्यात व खाली उतरण्यातच बहुतेक वेळ जातो. दिल्ली दाबोळीहून सुमारे १,५०० किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या साडेतीनपट दूर आहे, तरी तिकिटावरची वेळ साधारण दुपटीचीच, अडीच तासांच्या आसपास असते, ती यामुळेच. शिवाय विमान नेमलेल्या हवाई मार्गाने आणि धावपट्टीच्या दिशेने वळून उतरते, त्यामुळे प्रत्यक्ष कापलेले अंतर पट्टीच्या अंतरापेक्षा नेहमीच थोडे जास्त भरते.

वैमानिक आणि तिकीट दोघेही खरेच सांगतात. वैमानिक सहसा धावपट्टी सोडल्यापासून पुन्हा चाके टेकेपर्यंतचा वेळ सांगतो; तिकिटावरची वेळ मात्र विमान जागेवरून हलल्यापासून मुंबईत ठरलेल्या जागी उभे राहीपर्यंतची असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी सहसा एकच वापरता येते, आणि रांग लागली की विमानाला आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. कंपन्या वेळापत्रकात त्यासाठी सवड राखूनच ठेवतात. म्हणून दाबोळीहून उशिरा सुटलेले विमानही कधी कधी वेळेवर पोहोचते.

राहिला मोपाचा प्रश्न. तेथून मुंबई पस्तीसेक किलोमीटरने जवळ आहे, पण हवेत त्याची जेमतेम तीन मिनिटे होतात. पेडण्याच्या वाचकाला मोपा सोयीचे आहे यात शंका नाही. फोंड्याहून मात्र तेथवरचा रस्ता दाबोळीपेक्षा लांबचा पडतो, आणि ती तीन मिनिटे आपण म्हापशाला पोहोचण्यापूर्वीच खर्ची पडलेली असतील.