हळू आवाज, चढा आवाज: शिनेड ओकॉनरच्या सुरुवातीच्या गाण्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात आयरिश गायिका शिनेड ओकॉनर (१९६६–२०२३) हिच्या पहिल्या दोन रेकॉर्डांची ओळख करून दिली होती: १९८७ची 'द लायन अँड द कोब्रा' आणि १९९०ची 'आय डू नॉट वॉन्ट व्हॉट आय हॅवन्ट गॉट'. आलेल्या पत्रांत सरळ दोन तट पडले आहेत. कुणाच्या अंगावर काटा आला, कुणी चौथ्या मिनिटाला गाणं बंद केलं. दोन्हीकडच्या पत्रांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत, कारण बहुतेक वाद एकाच जागी येऊन थांबतो: तिचा हळू आवाज आणि चढा आवाज यांच्यातलं अंतर.

'ट्रॉय' लावलं. सुरुवातीला काही ऐकूच येईना, म्हणून आवाज वाढवला. पुढे बाईंनी असा टाहो फोडला की घरातले सगळे बाहेर आले. याला गाणं म्हणायचं की किंकाळी?
— एक वाचक, सांगली

गाणंच म्हणायचं. पण तुमच्या कानावर जे पडलं ते अर्धंच गाणं होतं, आणि त्यात तुमची चूक नाही.

पहिल्या रेकॉर्डवरचं 'ट्रॉय' साडेसहा मिनिटांचं आहे आणि तंतुवाद्यांच्या ताफ्यावर उभं आहे. सुरुवात जवळजवळ पुटपुटण्याची: पावसातलं डब्लिन, जुनी आठवण. मग आवाज पायरीपायरीने चढतो, मध्ये पुन्हा खाली बसतो, आणि शेवटी पूर्ण ताकदीने सुटतो. तुम्ही ते बहुधा फोनवर ऐकलं असणार, आणि फोनच्या स्पीकरमधून खालचे सूर येतच नाहीत. साधारण २०० ते ३०० हर्ट्‌झच्या खालचं बरंचसं गळून पडतं, म्हणजे चेलोचा आधार जातो. माणसाचा कान २,००० ते ५,००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात सर्वांत तीक्ष्ण असतो आणि चढ्या आवाजाची धार नेमकी तिथेच असते. खालची जमीन काढून घेतली आणि वरची धार तेवढी ठेवली, तर उरणार ती किंकाळीच.

पुन्हा एकदा असं ऐकून पाहा. वायरचे हेडफोन किंवा दोन स्पीकर घ्या. दोन स्पीकरमध्ये दीड-दोन मीटर अंतर ठेवा आणि तेवढ्याच अंतरावर समोर बसा. बास बूस्ट आणि इक्वलायझर बंद करा. अ‍ॅपमध्ये आवाज सारखा करण्याच्या सेटिंगमध्ये 'लाउड' असा पर्याय असेल तर तो काढून 'नॉर्मल' ठेवा, कारण 'लाउड'मध्ये कधीकधी लिमिटर (चढा आवाज दाबणारं साधन) लागतो आणि शिखरं चपटी होतात. आता गाण्याचं शेवटचं मिनिट आधी लावा आणि सोसेल इतपत आवाज ठरवा. मग सुरुवातीपासून लावा आणि बटणाला हात लावू नका. पहिलं मिनिट कान देऊन ऐकावं लागेल, आणि तसंच ते ऐकायचं आहे. आवाज वाढवला की पुढचा धक्का दुप्पट बसतो. तुमच्या बाबतीत हेच झालं असणार.

शीर्षक येतं ते कवी डब्ल्यू. बी. येट्सच्या 'नो सेकंड ट्रॉय'वरून. येट्सने ज्या मॉड गॉनवर आयुष्यभर प्रेम केलं तिच्यावरची ती कविता. म्हणून अनेकांनी हे प्रेमभंगाचं गाणं समजून ऐकलं आणि इतका संताप कशासाठी, असं त्यांना वाटलं. हे आपल्या आईबद्दलचं गाणं आहे, असं ओकॉनरने पुढे सांगितलं. लहानपणी आईकडून मारझोड सोसलेली ही मुलगी; तिची आई १९८५ साली मोटार अपघातात गेली. हे ठाऊक असलं की शेवटचा टाहो प्रियकराच्या नावाने ऐकू येत नाही. त्यानंतरही गाणं आवडलं नाही तर प्रश्नच नाही. पण नकार द्यायचा तो पूर्ण गाण्याला द्यावा.

मी शास्त्रीय संगीत ऐकणारी आहे. तार सप्तकात जाताना हिचा आवाज चक्क फाटतो. हा रियाजाचा अभाव नाही का?
— एक वाचिका, धारवाड

आवाज फाटणं वेगळं आणि मुद्दाम पलटवणं वेगळं. छातीच्या भरीव आवाजातून शिराच्या पातळ आवाजात जाताना आपल्याकडे जोड दिसू न देण्याचा रियाज असतो. ओकॉनर तो जोड उघडा ठेवते. पहिल्या रेकॉर्डवरच्या 'मँडिंका'मध्ये तीच पलटी ठरावीक जागी, सुरात, पुन्हा पुन्हा येते. अपघाताने फाटलेला आवाज दर वेळी त्याच सुरावर उतरत नाही. ही खूण धरून ऐका.

मागे आयर्लंडची एक जुनी वाटही आहे. 'शॅन-नोस' म्हणजे 'जुनी रीत': साथीशिवाय, एकट्याने, शब्दाच्या लयीने गायचं, सुरांभोवती बारीक वेलबुट्टी काढायची. आणि मृताजवळ बायकांनी हेल काढून रडण्याचीही तिथे परंपरा होती. तिचं सगळं गाणं यातूनच आलं असं म्हणणं चुकीचं ठरेल. पहिल्या रेकॉर्डवर रॉक गिटार आहे, नाचाची लय आहे. पण दुसऱ्या रेकॉर्डवरचं 'आय अ‍ॅम स्ट्रेच्ड ऑन युवर ग्रेव्ह' ऐकलंत तर धागा हाती लागेल. सतराव्या शतकातली निनावी आयरिश कविता, फ्रँक ओकॉनरचं इंग्रजी रूप (हा लेखक; नातं नाही, नाव तेवढं सारखं), फिलिप किंगची चाल. प्रेयसीच्या थडग्यावर आडवा पडलेला माणूस बोलतो आहे. त्याखाली तिने अमेरिकन गायक जेम्स ब्राउनच्या 'फंकी ड्रमर'मधल्या ड्रमचा तुकडा फिरता ठेवला आणि शेवटी स्टीव्ह विकमचं फिडल (व्हायोलिन) सोडलं. गाणं संपेपर्यंत ती आवाज चढवतच नाही. तुमच्या कानासाठी सुरुवात इथूनच करावी.

पहिली रेकॉर्ड कच्ची आणि दुसरी पक्की, असं माझं मत. मित्र म्हणतो पहिलीच खरी, दुसरीपासून ती गुळगुळीत झाली. निकाल द्या.
— एक वाचक, डोंबिवली

निकाल तुमच्या मित्राच्या बाजूने थोडा झुकतो, पण त्याचं कारण आम्हाला पटत नाही.

पहिली रेकॉर्ड होताना ती २० वर्षांची होती, गरोदर होती. कंपनीने नेमलेल्या निर्मात्याचं काम तिला पटलं नाही. ते ध्वनिमुद्रण बाजूला ठेवून तिने निर्मितीची सूत्रं आपल्याकडे घेतली, डोक्यावर कर्ज झालं तरी. म्हणून या नऊ गाण्यांत एकसारखेपणा नाही. 'जॅकी'त नुसती गुरगुरणारी गिटार आणि समुद्रात गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणारी बाई, ड्रम नाहीतच. 'नेव्हर गेट ओल्ड'च्या आरंभी आयरिश गायिका एन्या आयरिश भाषेत बायबलमधलं ९१वं स्तोत्र म्हणते. सिंह आणि नाग यांचं शीर्षक त्यातलंच. 'ड्रिंक बिफोर द वॉर' तिने शाळकरी वयात लिहिलं. हे कच्चेपण म्हणायचं असेल तर म्हणा, पण प्रत्येक गाण्याला स्वतःची खोली दिलेली आहे. काही ठिकाणी ड्रमचा आवाज ऐंशीच्या दशकाचा वाटतो आणि 'आय वॉन्ट युवर हँड्स ऑन मी' आज थोडं उथळ वाटतं, हे मात्र खरं.

दुसरी रेकॉर्ड गुळगुळीत नाही, ती रिकामी केलेली आहे. 'ब्लॅक बॉइज ऑन मोपेड्स' हे गिटार आणि आवाज एवढ्यावरच उभं आहे, आणि विषय आहे लंडनमधल्या काळ्या मुलांशी पोलिसांची वागणूक. शीर्षकगीताला तर एकही वाद्य नाही. जवळजवळ सहा मिनिटं एकटा आवाज. गुळगुळीतपणाचा आरोप येतो तो 'नथिंग कम्पेअर्स टू यू'मुळे. ते गाणं अमेरिकन गायक-संगीतकार प्रिन्सने लिहिलेलं, १९८५ साली 'द फॅमिली' या त्याच्या मंडळींनी आधी रेकॉर्ड केलेलं. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये ते चार-चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं. ज्यांनी तिचं एवढंच ऐकलं त्यांना 'ट्रॉय' धक्का देतं आणि ज्यांनी 'ट्रॉय' आधी ऐकलं त्यांना हे मवाळ वाटतं.

घरी १९९०-९१ची कॅसेट आहे, कुणाकडून तरी भरून घेतलेली. मुलीला डिजिटल करून हवी आहे. केलं, पण आवाज मधूनच फुगतो आणि कुजबुज नाहीशी होते.
— एक वाचिका, अमरावती

दोन वेगळे दोष आहेत. फुगणं बहुधा मूळ भरतानाच आलेलं आहे. त्या काळच्या अनेक टेपरेकॉर्डरमध्ये पातळी आपोआप ठरवणारं सर्किट असे. गाणं हळू झालं की ते आवाज वर ओढतं आणि सोबत टेपची सळसळही वर येते. गाणं चढलं की दाबून टाकतं. हिच्या गाण्यांना यापेक्षा वाईट काही होऊ शकत नाही. ते आता निघणार नाही.

कुजबुज मात्र तुमच्या सॉफ्टवेअरने खाल्ली आहे. सळसळ काढण्याचं साधन श्वास आणि सळसळ यांत फरक करू शकत नाही. पुन्हा करताना:

डेकचं हेड आणि पिंच रोलर (टेप पुढे ओढणारं रबरी चाक) आयसोप्रोपिल अल्कोहोलने (९० टक्क्यांहून जास्त) कापसाच्या काडीने पुसा आणि १० मिनिटं वाळू द्या. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवा. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टेप चिकटलेली असते. डॉल्बी (सळसळ कमी करणारी डेकमधली सोय) लावून भरलेली असेल तरच डॉल्बी लावा, एरवी वरचे सूर मरतात. आवाज दबलेला वाटला तर हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी पाव फेऱ्याहून कमी फिरवून वरचे सूर सर्वांत स्वच्छ होतील तिथे थांबा. आधी त्याची मूळ जागा खुणेने आखून ठेवा. लाइन-आउटमधून घ्या, हेडफोनच्या भोकातून नको. ध्वनिमुद्रणाचा दर्जा २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ. पातळी ठरवताना 'ट्रॉय'चा शेवट वाजवा आणि शिखर उणे ६ डेसिबलवर ठेवा. सुरुवात वाजवून पातळी ठरवलीत तर शेवट कापला जाईल. सळसळ कमी करायचीच असेल तर ३-४ डेसिबलच्या पुढे जाऊ नका. थोडी सळसळ राहू द्या, श्वास वाचतो.

कॉलेजच्या स्पर्धेत 'द लास्ट डे ऑफ अवर अक्वेंटन्स' म्हणायचं आहे. आठ दिवसांच्या सरावात गळा बसला.
— एक विद्यार्थिनी, पुणे

आधी दोन दिवस मौन. कुजबुजून बोलणंही नको. कुजबुजताना स्वरतंतू कोरडे पडतात आणि ताण कमी होत नाही.

चूक बहुधा अशी होते: घटस्फोटाचं हे गाणं एका गिटारवर अगदी हळू सुरू होतं, म्हणून गायिका नुसत्या हवेचा आवाज काढते. त्यात श्वास संपतो. मग वाद्यमेळ येतो तेव्हा छातीत हवा नसते आणि जोर गळ्यातून लावला जातो. सुरुवात हळू ठेवा, पण आवाज भरीव हवा. माइक ओठांपासून चार-पाच सेंटिमीटरवर ठेवा, मग पुटपुटलेलंही शेवटच्या रांगेत पोहोचतं. चढताना माइक २० सेंटिमीटरपर्यंत दूर न्या, आणि तो सूर लावायच्या आधी न्या.

पलटीचा सराव निम्म्या आवाजात, 'ऊ' या स्वरावर, रोज पाच मिनिटं. पट्टी दोन सूर खाली घ्या. स्पर्धेत मूळ पट्टीचे गुण नसतात. पूर्ण ताकदीने दिवसातून दोनदाच म्हणा, बाकी सराव शब्द आणि श्वासाच्या जागांचा. गळ्यात खाज किंवा टोचणं जाणवलं की त्या दिवशी थांबा. आवाज दोन आठवड्यांत मोकळा झाला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. ओकॉनरनेही पुढे बेल कांतो ही इटालियन गायनपद्धत शिकून घेतली.

पोपचा फोटो फाडणारी ही बाई. तिचं सुरुवातीचं गाणंसुद्धा नाटकीच वाटतं.
— एक वाचक, मडगाव

तारखा पाहा. फोटो फाडला तो ३ ऑक्टोबर १९९२ला, न्यूयॉर्कच्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही कार्यक्रमात. या दोन रेकॉर्डा त्याआधीच्या आहेत. चर्चमधल्या मुलांवरच्या अत्याचारांविरुद्धचा तो निषेध होता. दोन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बॉब डिलनच्या गौरव मैफलीत तिची हुर्यो उडवली गेली. आयर्लंडमधल्या चौकशी आयोगांचे अहवाल २००९मध्ये आले आणि अत्याचार खरे होते, ते झाकले गेले होते, हे सरकारी कागदांवर उमटलं. या घटनेचा राग १९८७च्या गाण्यावर मागे नेऊन लावला जातो, तसंच कौतुकही लावलं जातं. आमच्याकडच्या स्तुतीच्या काही पत्रांतही गाण्यापेक्षा धाडसाचंच वर्णन जास्त होतं. दोन्ही बाजूला ठेवून 'जॅकी' ऐका. अडीच मिनिटांचं आहे.

पहिल्या रेकॉर्डची दोन वेगवेगळी मुखपृष्ठं दिसतात. खरं कोणतं?
— एक वाचक, बेळगाव

दोन्ही खरी. युरोपातल्या मुखपृष्ठावर तिचं तोंड उघडं आहे, ओरडत असल्यासारखं. अमेरिकेत ते आक्रमक वाटेल म्हणून त्याच वेळी काढलेला दुसरा फोटो घेतला: तोंड मिटलेलं, नजर खाली. गाणी तीच आहेत. विकत घेताना आम्ही उघड्या तोंडाचं घेऊ.