एचआरचा पहिला इंटरव्ह्यू आहे ना, मग एवढं करच
ताई, घाबरू नको, पण "मला माणसांशी बोलायला आवडतं" हे उत्तर नको देऊ, नवीन पोरं हमखास तिथेच अडकतात. जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई, डाळमिल असली कामं, तिथं विचारतात की लग्नसराईत निम्मी शिफ्ट आलीच नाही तर काय करशील? आधी सुपरवायझरशी बोलेन, रजेचं रजिस्टर बघेन, पुढच्या वेळी सुट्ट्या आधीच ठरवून घेईन असं पायरीपायरीने सांग, लगेच पगार कापेन म्हणू नको.

- पगारातून पीएफमध्ये (निवृत्तीची बचत) कामगाराचे १२ टक्के, ईएसआयमध्ये (कामगारांचा आरोग्य विमा) ०.७५ टक्के आणि ईएसआयची पगारमर्यादा महिना २१,००० रुपये हे तोंडपाठ पाहिजे
- आधीच्या कंपनीची बदनामी नको

लेबर कोड (नवे कामगार कायदे) वगैरे नंतर बघू. अहिराणी येते ना, तेही सांग, कामगारांशी बोलायला भारी कामाची आहे. जमेल तुला.