कर्ज नील झालं, मग सिबिलचं काय?

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली की आमच्या जळगावकडे दोन गोष्टींची घाई एकदमच सुरू होते, कापसाच्या बियाण्याची आणि पोरांच्या अ‍ॅडमिशनची. त्याच दिवसांत माझ्याकडे समुपदेशनासाठी दरवर्षी दोन-चार जण तरी हा प्रश्न घेऊन येतात, की मॅडम कर्ज तर सगळं फेडलं पण बँक अजून दारात उभं करत नाही, आता हे जन्मभर असंच का? म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.

आप्पा चोपडा तालुक्यातले, वय पन्नाशीच्या आसपास, स्वतःचं कृषी केंद्र. लॉकडाऊनच्या काळात उधारी अडकली, इकडून काढून तिकडे भर असं करत चार ठिकाणी कर्ज झालं आणि मग चार वर्षं खाऊन-न खाऊन सगळं फेडलं. शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी घरी भरीत-पुरीचा बेत केला म्हणे. आणि दोन महिन्यांनी मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी एज्युकेशन लोन मागायला गेले तर तिथल्या माणसाने कॉम्प्युटरकडे बघूनच मान हलवली. त्यानंतर यांची झोप गेली, दुकानात बसणं बंद, गल्लीतल्या लोकांना टाळणं सुरू. बायकोने ओढून आणलं होतं.

पहिल्या दिवशी ते एकच वाक्य तीनदा बोलले. "ताई, मी काय चोर शे का?"

मी मुळात माणूस स्वतःशी मनातल्या मनात जे बोलतो त्यावर काम करणारी, बालपण वगैरे फार उकरत बसत नाही. त्यामुळे हे वाक्य मी धरून ठेवलं. विचारलं, सिबिलच्या रिपोर्टमध्ये, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदी आणि त्यावरून मिळणारा स्कोर असतो त्यात, नेमकं काय लिहिलंय? तर बघितलाच नव्हता. "आपण बघितला की स्कोर अजून कमी होतो ना?" असं त्यांना कुणी तरी सांगितलेलं. अजिबात नाही हो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः कितीही वेळा बघा, स्कोर हलत नाही, हलतो तो आपण कर्जाला अर्ज केल्यावर बँक बघते तेव्हा, आणि घाबरून पाच ठिकाणी अर्ज टाकले की जास्त. आपल्याकडे अशी माहिती ठेवणाऱ्या चार कंपन्या आहेत, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो.

तरी तो उघडायला त्यांना तीन भेटी लागल्या. चौथ्या वेळी माझ्यासमोर मोबाईलवर उघडला, हात थरथरत होता. 300 ते 900 मध्ये स्कोर 561. आणि खाली दोन गोष्टी सापडल्या. एक कर्ज पूर्ण फेडलेलं असूनही चालूच दिसत होतं, आणि दुसऱ्यापुढे लिहिलेलं 'सेटल्ड'.

"सेटल म्हणजे मिटलं ना?" आप्पा म्हणाले. तिथेच तर गंमत आहे, मराठीत मिटलं म्हणजे मिटलं, पण बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ पूर्ण पैसे आले नाहीत, थोडे सोडून द्यावे लागले. यांचे पंचाहत्तर हजार असे सोडलेले होते.

आता हे मी समजावून सांगितलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती आणि घरी जाऊन परत तेच वाक्य घोकलं असतं. माझ्या काय मनात आलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, आप्पा तुमच्या दुकानात उधारी कुणाला देता?

आणि माणूस एकदम बदलला, खुर्चीत ताठ झाला! कापूस विकला की न सांगता पैसे आणून देणारा, त्याला डोळे झाकून. एखादा मधे अडकला होता पण मागचे दोन हंगाम नीट देतोय, त्याला आधी थोडं देऊन बघायचं. 'अर्धे घ्या अन् मिटवा' म्हणून गेलेला, त्याला नाही. आणि ज्याने कधी उधार नेलंच नाही?

"तो भला माणूस असेल, पण मला कसं कळणार? वहीत त्याचं पानच नाही."

बोलता बोलता थांबले. बराच वेळ खिडकीकडे बघत बसले, मीही बोलले नाही (गप्प बसणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम, पंधरा वर्षांनी जमायला लागलंय). मग हसले. "म्हणजे बँकेकडे पण वहीच आहे."

मी इतके दिवस स्कोरची भीती घालवायला बघत होते आणि भीती स्कोरची नव्हतीच, तो आकडा त्यांनी स्वतःच्या इमानदारीचा निकाल धरला होता. आणि खरं सांगायचं तर माझंही चुकलं होतं, दुसऱ्या भेटीत ते "आता जन्मात कर्जाला हात लावणार नाही" म्हणाले तेव्हा मी शाबासकी दिली होती. त्या शपथेने वहीतलं पान कोरंच राहिलं असतं.

पुढचं सगळं त्यांनीच केलं. फेडलेल्या कर्जाचं नो ड्यूज लेटर, म्हणजे काही देणं उरलं नाही असं बँकेचं पत्र, जोडून चुकीच्या नोंदीची तक्रार टाकली. ती 30 दिवसांत निकाली काढावी लागते, नाहीतर दिवसाला 100 रुपये भरपाई असा नियम आहे, यांचं काम त्याआधीच झालं. एक एजंट पाच हजारात सिबिल साफ करून द्यायला निघाला होता, त्याला घालवून दिलं, कारण खरी नोंद कुणीच पुसू शकत नाही आणि खोटी आपणच फुकटात दुरुस्त करून घेऊ शकतो. सोडलेले पंचाहत्तर हजार मात्र सवडीने भरले आणि खातं 'क्लोज्ड' करून घेतलं, लेखी. उशिरा भरलेल्या हप्त्यांच्या जुन्या खुणा रिपोर्टमध्ये 36 महिने दिसतात, त्या जसजशा मागे सरकतील तसंच, तिथे घाई चालत नाही. मग पंचवीस हजाराची एफडी करून तिच्यावर क्रेडिट कार्ड घेतलं, त्यावर फक्त गाडीचं पेट्रोल, लिमिटच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत, आणि दर महिन्याला पूर्ण बिल, मिनिमम ड्यूच्या, म्हणजे थोडेच पैसे भरून बाकी पुढे ढकलायच्या, भानगडीत न पडता.

मुलीची पहिल्या वर्षाची फी बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून भागली. वाईट वाटलंच सगळ्यांना, पण ते सोनेतारण कर्ज आप्पांच्या नावावर घेतलं, त्याची फेड वेळेवर होतेय आणि तीही नोंदली जातेय. दीड वर्षात स्कोर 690 च्या पुढे गेला. चांगला मानतात त्या 750 ला अजून वेळ आहे, बँकेत परत गेलेले नाहीत.

मागच्या महिन्यात भरताची वांगी घेऊन आले होते, सहजच. म्हणाले, तीन वर्षांपूर्वी एका पोराचं नाव वहीत काट मारून ठेवलं होतं, तो परवा राहिलेले पैसे घेऊन दारात आला.

"मग?"

"दिली ना दोन गोण्या युरिया. सध्या दोनच."