फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळतो

प्रश्न: माझा मुलगा तिसरीत आहे, तोंडी सगळं पटापट सांगतो पण फळ्यावरचं वहीत उतरवताना अर्धी ओळच गाळतो, गणितात बेरजेच्या जागी वजाबाकी करतो. बाई म्हणतात लक्ष नाही. ऑक्युपेशनल थेरपीने फरक पडेल का?

उत्तर: ताई, आधी त्याला रागवणं थांबवा, तो मुद्दाम करत नाहीये. पहिलं काम म्हणजे डोळ्यांच्या डॉक्टरांकडून नीट तपासणी, कारण कधीकधी साधा चष्मा लागलेला असतो आणि आपण भलतीकडेच शोधत बसतो. नजर ठीक असेल तर मग ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे, म्हणजे मुलांना लिहिणं-वाचणं अशी रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाकडे जा. फळ्याकडे बघायचं, लक्षात ठेवायचं, मान खाली घालून वहीत नेमकी जागा शोधायची, यात मूल कुठे अडकतं ते ती बघते आणि त्याप्रमाणे खेळ, कामं देते.

घरी आजपासूनच करता येईल असं, पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खिडकी कापा आणि वाचताना ती पानावर सरकवत न्यायला सांगा. गणिताला चौकटीची वही द्या, चिन्हाला आधी रंगीत गोल करायची सवय लावा. बाईंना पहिल्या बाकासाठी विनंती करा, फळा जवळ आला की बराच त्रास वाचतो.

डोळ्यांच्या व्यायामाने डिस्लेक्सिया (वाचायला-लिहायला शिकण्यातली अडचण) बरा होतो म्हणून कोणी महागडं पॅकेज गळ्यात मारत असेल तर अजिबात पैसे भरू नका. वाचनातच अडचण दिसली तर एलडीची (लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातल्या विशिष्ट अडचणीची) तपासणी करून घ्या, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ही अडचणही धरलेली आहे.