पट्टा तिचा, रस्ता आईचा

पावणेतीन वर्षांच्या मुलीला घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या एका आईने खुर्चीत बसताबसताच विचारले, "मॅडम, मोकळीक दिली तर ही डोक्यावर बसते आणि रागावले तर रडून घर डोक्यावर घेते, आम्ही वागायचे तरी कसे?"

आमचे बोलणे चालू असताना मुलगी फरशीवर बसून सँडलचा पट्टा बकलातून ओवू पाहत होती. दोनदा तो निसटला. तिसऱ्यांदा टोक आत शिरले आणि नेमके तेव्हाच आईने वाकून पट्टा लावून टाकला. मुलीने तो उपसून काढला, सँडल भिरकावली आणि भोकाड पसरले. "रोज सकाळी हेच," आई हताशपणे म्हणाली.

मी रस्त्याविषयी विचारले. तिथे मात्र हात धरावा म्हणून तिला रोज चॉकलेटचे आमिष दाखवावे लागे आणि तेही कधी पुरत नसे. जिथे सोडून द्यायचे तिथे घरातली माणसे घट्ट धरत होती आणि जिथे धरायचे तिथे मनधरणी करत होती. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञांनी साधारण दीड ते तीन वर्षांच्या काळात स्वायत्तता, म्हणजे स्वतःचे स्वतः करण्याची ओढ, आणि आपल्याला जमेल का ही लाज-शंका यांची ओढाताण असते असे मांडले आहे. त्यामुळे "मी करणार" हा या वयातला हट्ट मला बिघाड वाटत नाही, मूल वाढत असल्याची ती खूण वाटते.

सकाळी दहा मिनिटे लवकर उठून पट्टा तिलाच लावू द्यावा, तिने मागितल्याशिवाय मदत करू नये, असे मी सुचवले. रस्त्यावर मात्र "इथे हात धरायचा" एवढेच एक वाक्य, आई आणि बाबा दोघांच्याही तोंडी सारखेच. ती हात सोडवू लागली तर न रागावता, चॉकलेट न देता उचलून घ्यायचे आणि रडू आले तर रडू द्यायचे. शिवाय, जिथे नकार चालणार नाही तिथे "आंघोळ करायची का?" असे विचारूच नये, निवड द्यायची तर आंघोळीला लाल मग घ्यायचा की निळा, एवढीच द्यावी.

पहिल्या आठवड्यात रस्त्यावरचे रडणे वाढले, तेव्हा आईने घाबरून फोन केला होता. तीन आठवड्यांनी दोघी आल्या, तेव्हा सँडल उलट्या पायांत होत्या आणि आईने त्या तशाच राहू दिल्या होत्या. आजी मात्र अजूनही गुपचूप पट्टा लावून देतात, म्हणून पुढच्या भेटीला त्यांनाही बोलावले आहे.